घटक 4 : नाटकातील आगंतुक आणि सामाजिक जबाबदारी
(विजय तेंडुलकर यांच्या 'कमला' या नाटकाच्या विशेष संदर्भात)

4.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर नाटकातील 'आगंतुक' या पात्राचे कार्य तुम्हांला ओळखता यावे, ते पात्र गूढ का भासते याचा शोध संहितेच्या आधारे घेता यावा आणि 'कमला'तील भाषाव्यवहाराचे स्वतंत्र विश्लेषण करता यावे, अशी अपेक्षा आहे. हा घटक हाती घेण्यापूर्वी 'कमला'ची संहिता एकदा सलग वाचावी. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांतील कथासार वाचून येथील विवेचन समजणार नाही, कारण ते प्रामुख्याने कोण कोणाला काय विचारते यावर उभे आहे.

4.2 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, 'जबाबदारी' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. पण त्याची घडण क्वचितच पाहतो. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला 'जबाब' म्हणजे उत्तर. 'दार' हा फारसी प्रत्यय 'जवळ असणारा, बाळगणारा' या अर्थाचा. तो जमीनदार, वतनदार, फौजदार या शब्दांतून तुमच्या परिचयाचा आहे. म्हणजे जबाबदार तो, ज्याच्याकडे उत्तर मागता येते. मराठीत या 'जबाब' शब्दाला आणखी एक छटा आहे. पोलीस ठाण्यात साक्षीदाराचा वा संशयिताचा जबाब घेतात, जबाब नोंदवतात. सामाजिक जबाबदारी आणि पोलिसी चौकशी या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेत एकाच शब्दापासून निघतात, हा योगायोग नाट्याभ्यासकाला उपयोगी पडणारा आहे.

कारण उत्तर देण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. आणि एका घरातील माणसे एकमेकांना असे प्रश्न सहसा विचारत नाहीत. नाते, सवय, भीती, घराची अब्रू अशी त्याची अनेक कारणे असतात; पुष्कळदा तर प्रश्न आहे हेच लक्षात आलेले नसते. म्हणून नाटककार बाहेरचा माणूस आणतो.

4.3 आगंतुक म्हणजे कोण?

मराठीत बाहेरच्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. पाहुणा, परका, परगावचा, उपरा, तिऱ्हाईत, आगंतुक हे सगळे शब्द बाहेरचा माणूस दाखवतात. पण प्रत्येकात बोलणाऱ्याची भूमिका निराळी असते. पाहुणा परत जाणार हे ठरलेले असते. तिऱ्हाईत हा दोघांच्या व्यवहारातील तिसरा. म्हणूनच भांडणात त्याचे मत मोलाचे ठरते. उपरा मात्र आत राहूनही बाहेरचाच राहतो. लक्ष्मण माने यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले, तेव्हा या एका शब्दाने मराठी वाचकाला स्वतःच्या गावगाड्याकडे बाहेरून पाहायला लावले. आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला. तो किती काळ थांबणार, कशासाठी आला, हे कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या कोल्हापूर भागात अनोळखी माणूस दारात, पारावर किंवा एसटीत शेजारी येऊन बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुठलं गाव पाव्हणं?" पुढचा प्रश्न आडनावाचा, त्यापुढचा भावकीचा. या प्रश्नमालिकेत जात चाचपून पाहण्याचा हेतू अनेकदा लपलेला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तिचा एक परिणाम असा, की पाच मिनिटांत अनोळखी माणूस अनोळखी उरत नाही. नाटकातील आगंतुकाचा विचार करताना हा व्यवहार ध्यानात ठेवा. ज्याला गाव विचारले जाते तो गूढ राहत नाही. ज्याला ते कोणीच विचारत नाही तो राहतो. आगंतुकाचे गूढ त्याच्या अंगी जन्मतः चिकटलेले असते असे समजून अनेक विद्यार्थी उत्तरे लिहितात. प्रत्यक्षात ते बव्हंशी घरातील माणसांच्या अनास्थेतून घडत जाते.

4.4 प्रीस्टलीचा इन्स्पेक्टर

या नाट्यप्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्रजी आहे. जे. बी. प्रीस्टली यांचे 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' हे नाटक 1945 मध्ये प्रथम सोव्हिएत रशियात आणि 1946 मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्याचा काळ मात्र 1912 चा, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीचा आहे. कारखानदार बर्लिंगच्या घरी मुलीच्या वाङ्‌निश्चयाचे जेवण चालू आहे. तेवढ्यात गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो आणि एका तरुणीने जंतुनाशक पिऊन आत्महत्या केल्याचे सांगतो. मग एकामागून एक साऱ्यांचे जबाब होतात. बापाने पगारवाढ मागितल्याबद्दल तिला कारखान्यातून काढले, मुलीने रागाच्या भरात दुकानातून काढायला लावले, भावी जावयाने ठेवून घेऊन सोडून दिले, मुलाने गर्भवती केले, आणि धर्मादाय संस्थेच्या कमिटीवर असलेल्या आईने तिला मदत नाकारली. प्रत्येकाचे कृत्य सुटे, कायद्याच्या कक्षेबाहेरचे. एकत्र केले की एक मृत्यू.

इन्स्पेक्टर निघून गेल्यावर कळते, की या नावाचा अधिकारी पोलीस दलात नाहीच. इतकेच काय, अशा आत्महत्येची नोंदही रुग्णालयात नाही. आईबाप व जावई यांचा जीव भांड्यात पडतो. मुलगा व मुलगी मात्र पूर्वीसारखी होऊ शकत नाहीत. अशा वेळी टेलिफोन वाजतो : एका तरुणीचा आत्ताच मृत्यू झाला आहे आणि चौकशीसाठी पोलीस अधिकारी येत आहे. गोगोलच्या 1836 मधील 'इन्स्पेक्टर जनरल'चा शेवटही खरा अधिकारी आल्याच्या वर्दीनेच होतो. पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून 'अंमलदार' लिहिले. तेथे आगंतुकाचे गूढ सर्वस्वी भ्रष्ट अधिकाऱ्यांच्या भीतीतून जन्मते, ही तुलना विनोदी नाटकाच्या घटकात तुम्हांला उपयोगी पडेल.

गूल कोण? भूत, भविष्यातून आलेला दूत, की सामूहिक विवेक? या प्रश्नावर परीक्षेत पानेच्या पाने भरली जातात. माझ्या मते नाटकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. ज्या तरुणीविषयी सारी चौकशी चालते, ती रंगमंचावर एकदाही येत नाही. तिच्या वतीने बोलणारा आणि अन्याय सोसणारी अशी दोन माणसे प्रीस्टलीने वेगळी ठेवली आहेत. तेंडुलकरांनी काय केले ते पाहताना हे वेगळेपण लक्षात घ्यावे लागते.

4.5 सामंत : उलट्या दिशेचा आगंतुक

'कमला'कडे जाण्यापूर्वी तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' (पहिला प्रयोग 1967, 'रंगायन') या नाटकातील सामंताकडे थोडे पाहू. मुंबईची एक हौशी मंडळी लोकजागृतीसाठी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात आली आहे. प्रयोगाचा विषय अण्वस्त्रे. म्हणजे सामाजिक जबाबदारीचा मक्ता या मंडळींनी आधीच घेतलेला आहे. सामंत हा त्या गावातला साधा तरुण. या कंपूच्या दृष्टीने बाहेरचा. नट कमी पडला म्हणून त्याला साक्षीदार करतात, आणि एका कादंबरीतला मजकूर तो साक्ष म्हणून सांगतो. त्या कल्पित साक्षीचाच बेणारेबाईंविरुद्ध पुरावा होतो. येथे आगंतुक प्रश्न विचारत नाही. आतल्यांच्या क्रौर्याला तो नकळत साहित्य पुरवतो. शेवटी निपचित पडलेल्या बेणारेजवळ कापडी पोपट ठेवून जाणारा मात्र तोच, हे विसरू नये.

4.6 'कमला' : विकत आणलेली आगंतुक

1981 मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी एका स्त्रीला पैसे देऊन विकत घेतले आणि स्त्रियांचा व्यापार राजरोस कसा चालतो हे बातम्यांतून देशापुढे मांडले. या घटनेतून तेंडुलकरांना 'कमला' सुचले. नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीतील नावाजलेला पत्रकार. तो बिहारमधील लुहारदगा येथील बाजारातून कमला नावाची आदिवासी स्त्री अडीचशे रुपयांना आणतो. पत्रकार परिषदेत तिला उभी करून व्यवस्थेचे पितळ उघडे पाडायचे, हा त्याचा बेत.

येथे एक गोष्ट नीट पाहा. गूल स्वतःहून येतो, प्रश्न त्याच्या हाती असतात. कमलेला आणले जाते. ती घरात येते ती पुरावा म्हणून. पुराव्याला कोणी प्रश्न विचारत नाही; तो फक्त दाखवतात. आपल्याला कोठे नेणार, कशासाठी नेणार, हे जयसिंग तिला सांगत नाही. बाजाराची हकीकत तो घरी उत्साहाने सांगतो, पण बाजारात येण्याआधी ती कोण होती याविषयी त्याला कुतूहल नाही. सोसणारी आणि घर हादरवणारी ही प्रीस्टलीकडील दोन माणसे तेंडुलकरांनी एकाच शरीरात आणली आहेत आणि तिच्या तोंडी अधिकाराचा एकही शब्द ठेवलेला नाही.

पत्रकार परिषद रंगमंचावर घडत नाही. ती आटोपून आलेले जयसिंग आणि त्याचा मित्र जैन तिचा वृत्तान्त हसत हसत सांगतात. तेथे कमलेला प्रश्न विचारले गेले आहेत. तिच्या देहाविषयी, रात्रींविषयी, जे कोणत्याही बाईला चारचौघांत विचारले जात नाहीत ते. म्हणजे प्रश्न विचारणे पुरेसे नाही. ज्याचे उत्तर ऐकून विचारणाऱ्याला काहीच करावे लागणार नाही, तो प्रश्न चौकशीचा नसतो, करमणुकीचा असतो. ऐकणाऱ्यांत जयसिंगची पत्नी सरिता आहे आणि तिचे काका, छोटे वृत्तपत्र चालवणारे काकासाहेब आहेत. त्या दोघांना हसू येत नाही.

नाटकाचा कणा असलेला प्रसंग त्यानंतर येतो. रात्री सरिता आणि कमला दोघीच आहेत. कमला अगदी सहज, निर्मळ जिज्ञासेने विचारते, की यजमानाने तुला कितीला विकत घेतले? सरिता क्षणभर थबकते आणि सांगते, सातशेला. कमलेला हा भाव चढा वाटतो. मग ती व्यावहारिक शहाणपणाने पुढची व्यवस्था लावू लागते : आता आपण दोघी आहोत तर घरकाम कोणी करायचे, लिहिण्यावाचण्याचे, पैशांचे कोणी पाहायचे, आणि मालकाच्या सहवासाची वाटणीही कशी करायची.

या उत्तरातील आकड्याकडे अनेक वाचकांचे दुर्लक्ष होते. सरितेने 'मी बायको आहे, विकत घेतलेली नाही' असे म्हणणे किती सोपे होते. शिकलेल्या, खानदानी घरात वाढलेल्या स्त्रीचे ते स्वाभाविक उत्तर झाले असते. ती आकडा सांगते. प्रश्नातील गृहीतक मान्य करून ती जबाब देते, आणि त्या क्षणी ती 'जबाबदार' या शब्दाच्या मूळ अर्थाला पोहोचते. यापूर्वी जैनने थट्टेने सरितेला वेठबिगार म्हटलेले आहे. विधान तेच, पण मित्राच्या तोंडी ते विनोद ठरून विरून गेले. बरोबरीच्या माणसाने केलेला आरोप हसण्यावारी नेता येतो. समोरच्याला आपल्यासारखेच समजून बाहेरच्या माणसाने विचारलेला प्रश्न तसा नेता येत नाही.

4.7 'आम्ही' आणि 'आपण'

भाषेचा अभ्यासक म्हणून मला या प्रसंगात एक व्याकरणिक प्रश्न दिसतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. 'आम्ही जेवायला बसतोय' आणि 'आपण जेवायला बसूया' या दोन वाक्यांमधला फरक दारात उभ्या असलेल्या माणसाला लगेच कळतो. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. प्रमाण हिंदीतील 'हम'मध्ये नाही आणि इंग्रजीतही नाही. प्रीस्टलीचा इन्स्पेक्टर निरोपाच्या भाषणात सगळी माणसे एकमेकांना बांधलेली आहेत असे सांगतो. त्याला इंग्रजीत एकच सर्वनाम पुरते. त्यात बर्लिंग धरला आहे की नाही, हे संदिग्ध ठेवता येते. मराठी अनुवादकाला ती सोय नाही. त्याला निवड करावीच लागेल आणि निवड केली की नाटकाचा अर्थ ठरून जाईल.

आपल्या बोलीत 'आमच्यात असं नसतं' हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकले असेल. 'आमच्यात' म्हणजे आमच्या घरात, भावकीत, जातीत. कुंपण घालायला मराठीला एवढा एक शब्द पुरेसा होतो. बर्लिंगचे घर, बेणारेला घेरणारी मंडळी, जयसिंगचा दिवाणखाना ही सगळी 'आमच्यात'ची जग आहेत. जयसिंगचे समाजभान खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तो धोका पत्करतो, झोप मोडून काम करतो. पण त्याच्या समाजात 'ते' असतात, ज्यांच्यावर अन्याय होतो, आणि 'आम्ही' असतो, जे तो उघडकीस आणतो. कमला ही विभागणी जाणत नाही. घरात बाई म्हणून एक होती, आता दोन झाल्या. तिच्या हिशोबात दोघी पहिल्यापासूनच 'आपण' आहेत. (या पुस्तिकेतही पहिल्या घटकापासून 'आपण पाहणार आहोत', 'आपण अभ्यासले' अशी वाक्ये येत आहेत. त्या 'आपण'मध्ये तुम्ही स्वतःला धरता का, हे आम्ही लेखकांनी तुम्हांला कधी विचारलेले नाही.)

4.8 एक आक्षेप

पुढे काय होते? कमलेला घरात ठेवावे असे सरिता म्हणते. जयसिंग ऐकत नाही, तिला संस्थेत नेऊन सोडतो. आपणही पत्रकार परिषद घेऊन या घरातील गुलामीची कहाणी सांगावी, असे सरिता काकासाहेबांजवळ बोलते. तेवढ्यात मालक सिंघानिया जयसिंगला नोकरीवरून काढतो. व्यवस्था उघडी पाडायला निघालेल्याला व्यवस्था फेकून देते, आणि कोसळलेल्या नवऱ्याला सावरायला सरिता थांबते. गुलामी झुगारण्याचा दिवस येईल ही खूणगाठ मनाशी बांधून. येथे टेलिफोनची घंटा वाजत नाही. खरा अधिकारी येत नाही. जयसिंगला शिक्षा होते ती धनिकांच्या हितसंबंधांमुळे. कमलेशी तिचा संबंध उरलेला नसतो.

मी हे नाटक अनेक वर्षे शिकवले. काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात, रविवारच्या तासाला, ऊस शेती सांभाळून बी. ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कमला पुढं कुठं गेली?" मी सांगू लागलो, की नाटकाचा केंद्रबिंदू सरितेचे आत्मभान हा आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते बरोबर आहे. पण आमच्या शिवारात दर हंगामाला टोळी येती. उचल घेतलेली माणसं. पाच महिने कोपीत राहत्यात. गेल्या वर्षीची ह्या वर्षी आली नाहीत तर आम्ही बी विचारत नाही."

त्या प्रश्नाने माझे अध्यापन बदलले हे प्रांजळपणे नमूद करतो. कमलेचे पुढे काय झाले हे नाटक सांगत नाही. आणि तोपर्यंत ते मीही विचारले नव्हते. यातून एक गंभीर आक्षेप निघतो : जयसिंगने बातमीसाठी कमलेचा उपयोग केला, तसाच सरितेची कथा उभी करण्यासाठी नाटककारानेही केला काय? हा आक्षेप निराधार नाही. नाटकाचे नाव तिचे आहे, पण उत्तरार्ध तिच्यावाचून चालतो. उलट बाजूने असेही म्हणता येईल, की तिची रिकामी जागा भरून न काढता तेंडुलकरांनी प्रेक्षकालाच त्या घरातल्यांच्या रांगेत उभे केले. तिला विसरून सरितेच्या दुःखात रमलेला प्रेक्षक जयसिंगपासून फार दूर नसतो. दुसरी बाजू मला अधिक पटते. मात्र ती लेखकाच्या बाजूची सोयीस्कर वकिली असू शकेल, ही शंका मी सोडलेली नाही. तुमचे मत संहितेतील प्रसंगांच्या आधारे मांडा. येथे दिलेले मत जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवू नये.

4.9 स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. 'आगंतुकाचे गूढ हे घरातल्यांच्या अनास्थेतून घडते.' हे विधान 'कमला'च्या संदर्भात तपासा.

2. सामंत आणि कमला या दोन्ही बाहेरच्या व्यक्तींचा आतल्या माणसांनी केलेला उपयोग सांगा. दोघांत कोणता फरक जाणवतो?

3. जैनची थट्टा आणि कमलेचा प्रश्न यांतील आशय सारखा असूनही परिणाम वेगळा का होतो?

4. जयसिंगच्या कोणत्याही एका प्रवेशातील 'आम्ही', 'आपण', 'ते', 'ती' ही सर्वनामे नोंदवा. प्रत्येक ठिकाणी कोण आत धरले आहे व कोण बाहेर ठेवले आहे, ते लिहा.

4.10 उपक्रम

तुमच्या गावात वा वसाहतीत कामासाठी बाहेरून आलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. त्यांच्या संमतीशिवाय काही लिहून घेऊ नका, नाव व छायाचित्र घेऊ नका. पहिला प्रश्न कोणी विचारला, त्यांनी तुम्हांला उलट काय विचारले, आणि त्यांच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले, एवढेच दीड पानात लिहा आणि पुढच्या संपर्कसत्राला येताना सोबत आणा.